तिसऱ्या हाकेची ओ

१

आमच्या सासरी एका हाकेत कोणी ओ देत नाही. बहिरे नाहीत, कान चांगले तिखट आहेत सगळ्यांचे. पण पहिली हाक वाऱ्यावर सोडायची, दुसरी ऐकून न ऐकल्यासारखी करायची आणि तिसरीला ओ द्यायची, ही या घराण्याची रीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, नवरा तोऱ्यात आहे. 'अहो' म्हणावं, तर ढिम्म. पुन्हा 'अहो', तरी पेपरातून डोकं वर नाही. तिसऱ्यांदा म्हटलं की आत्ताच ऐकू आल्याच्या थाटात, 'ओ'. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ह्यांची थोरली बहीण म्हणजे अरुंधतीवन्सं. त्यांना एकदा विचारलंच, की हे काय खूळ आहे घराण्याचं. त्या तांदूळ निवडत होत्या.

"खूळ कसलं? आमच्यात नाही देत पहिल्या हाकेला."

"पण का?"

"का काय? माणूस असेल तर मारेल की तिसऱ्यांदा. नसेल त्याला ओ दिली, की आपण आपले राहत नाही," म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

मी मूळची भुसावळची. वडील रेल्वेत, बदलीवर झाशीला आले आणि आम्ही इथलेच झालो. मीही रेल्वेच्याच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चिकटले. आमच्या कामात घंटी वाजली की उचलायचं, हा धर्म. वाजत ठेवलेला फोन मला सहन होत नाही. अशी मी, आणि पडले कुठे तर या तीन हाकांच्या घरात. तोंडाने कुरकुरत राहिले आणि वर्षानुवर्षं दिवसभर तीन-तीनदा 'अहो, अहो, अहो' करत राहिले. ह्यांचं नाव मात्र कधी घेतलं नाही. आमच्या पिढीत घेत नसत.

मागच्या वर्षी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एवढ्या बोलक्या माणसाकडे एकच अक्षर उरलं, ओ. पाणी हवं असेल तरी ओ, दुखत असेल तरी ओ. आणि रीत बघा कशी हाडात मुरलेली. मी हाक मारली तर ती ओ तिसऱ्या हाकेलाच यायची.

२

आमचं घर लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत. पुढे बैठकीची खोली, तिथे ह्यांचा पलंग. मागे स्वयंपाकघर, आणि मधे एक अंधारा बोळ. सकाळी रामकली येते, ह्यांची आंघोळ, मालिश, जेवण उरकते आणि दुपारी दुसऱ्या घरी जाते. मी ऑफिसातून येईपर्यंत हे एकटे. वन्सं दतिया गेटला राहतात, गुडघ्यांमुळे त्यांना रोज येववत नाही. मुलगी चारुता पुण्याला. तिला मराठी कळतं सगळं, पण जिभेवर हिंदीच. "मम्मा, कैमरा लगवा लो ना," म्हणाली. लावला. तर ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि कॅमेरा काढेपर्यंत घास घेतला नाही. बरोबरच आहे म्हणा. दुसऱ्याच्या हातून कपडे बदलून घेताना भिंतीवरून कोणी बघत असलेलं कोणाला आवडेल?

मग एके दिवशी संध्याकाळी घरी आले, तर हे पलंगाखाली फरशीवर. रामकली गेल्यावर केव्हातरी घसरले असणार. ओठ कोरडे ठणठणीत, डोळे दाराला लागलेले. मी तीनदा 'अहो' म्हटलं तेव्हा कुठे ओ आली, तीही फुटकी. मी त्यांना उचलताना रडत होते आणि त्यांच्यावरच चिडतही होते. तेव्हाच मनाशी ठरवलं, की आता हे एकटे पडले आणि मला कळलंच नाही, असं पुन्हा होऊ द्यायचं नाही.

मोबाईल त्यांना धरता येत नाही, बटण दाबता येत नाही. पण मी काही उगीच एक्स्चेंजमध्ये केस पांढरे केले नव्हते. चारुताचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडून होता, तो काढला. इंटरनेटवर एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं, ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो, कोणीही घ्यावं आणि आपल्याला हवं तसं बदलावं. ते टाकलं की साधा कॉम्प्युटर टेलिफोन एक्स्चेंज होतो. आमच्या ऑफिसात एका खोलीभर जे कपाट होतं, ते काम हा डबा करतो. पेन ड्राइव्हवरून ते चढवलं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली, दोनदा अडकलं, मी त्याला शिव्या घातल्या आणि तिसऱ्यांदा लागलं. डबा बोळात फळीवर ठेवला. पंख्याची घरघर दिवसरात्र सुरू झाली.

मानिक चौकातून इंटरनेटवर चालणारा एक जुना टेबलफोन आणला, तो ह्यांच्या उशाशी. एक स्वयंपाकघरात. तिसरा माझ्या मोबाईलमध्येच, ॲप टाकून. तीन फोन, तीन नंबर, बाहेरचा चौथा कोणी आत येऊच शकत नाही. आणि ह्यांच्या फोनला मी सांगून ठेवलं, की तू वाजायचंच नाही. कॉल आला की आपणहून उचलायचं. टक् असा आवाज, हिरवा दिवा, की लाईन खुली. मी बोलले की खोलीत ऐकू जाणार, हे बोलले की मला.

वन्सं त्या दिवशी आल्या होत्या. वेताच्या खुर्चीत बसून त्यांनी सगळं बघितलं.

"म्हणजे विद्या उचलत नाही, फोनच उचलतो?"

"हो वन्सं."

"पहिल्याच घंटीला?"

"घंटी नाहीच. आला की लगेच."

वन्सं फोनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "कल्याणी, उचलणं म्हणजे ओ देणंच झालं की गं."

मला हसू आलं. म्हटलं, "वन्सं, ही तुमची रीत मशीनला कशी शिकवू?"

३

पहिल्या दिवशी एक्स्चेंजमधून फोन लावला. टक्. लाईनवर आमच्या खोलीचा आवाज आला, पंखा, गल्लीतला भाजीवाला. मी हळूच म्हटलं, 'अहो'. काही नाही. 'अहो'. काही नाही. 'अहो'. आणि तिकडून, माझ्या खोलीतून, माझ्या माणसाची ओ. माझे डोळे भरले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितलं, एसीची हवा लागतेय.

मग दिवसातून कितीदा तरी लावायचे. पण ऑफिसात वरचे साहेब तपासणीला यायचे होते, कामाचा डोंगर, जेवायला फुरसत नाही. तेव्हा मला ती अक्कल सुचली. या सॉफ्टवेअरला सांगून ठेवता येतं, अमुक वेळाने अमुक नंबर लाव आणि अमुक आवाज वाजव. मी बोळात उभी राहून मोबाईलवर एकदा 'अहो' म्हटलं, रेकॉर्ड केलं आणि डब्यात भरलं. ठरल्या वेळी ह्यांना फोन लाव, थांबत थांबत हे तीनदा वाजव. ओ आली तर गप्प राहा, नाही आली तर माझ्या मोबाईलवर घंटी दे.

नवऱ्याला हाक मारायचं कामसुद्धा मी मशीनवर टाकलं. चारुता हसली, "मम्मा, पापा को पता है वो रोबोट है?" मी म्हटलं, आवाज माझाच आहे ना, झालं तर.

चाललं मात्र झकास. ओ येत होती, माझा मोबाईल गप्प होता, आणि मी कित्येक महिन्यांनी जेवणाच्या डब्यातली भाजी चव घेऊन खाल्ली.

४

एके दुपारी मोकळी होते, म्हणून मीच फोन लावला. टक्. 'अहो' म्हटलं. मग 'अहो' म्हटलं. आणि ओ आली.

मी तिसरीसाठी घेतलेला श्वास तसाच राहिला. दुसऱ्या हाकेला? ह्यांनी? जन्मात असं केलं नव्हतं. मग आनंदच झाला. मेंदू सुधारतोय, वाचा सुटायला लागली, असंच वाटलं. व्यायाम करून घ्यायला येणारे फिजिओ म्हणाले, "अच्छा साइन है भाभी जी." मी पेढे आणले. रविवारी वन्सं आल्या, त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि सांगितलं.

वन्संनी पेढा बशीत परत ठेवला. "दुसऱ्या हाकेला ओ दिली? विद्याने?"

"हो ना. सुधारतायत."

"मग पहिली कोणी मारली?"

मला रागच आला. आजारी माणसाच्या घरात बरं काही घडलं तर त्यातही यांना कुसळ दिसायचं. मी उठून चहा टाकला. वन्संनी पुढे विषय काढला नाही, पण पेढा तसाच राहिला.

त्याच आठवड्यात पहिल्या हाकेला ओ आली. आणि त्यानंतर एकदा मी फोन लावला, टक् झालं, मी तोंडही उघडलं नव्हतं, तर तिकडून ओ.

सुधारणा म्हणून पटकन मनाला पटवलं. पण लाईन चालूच होती आणि मी ऐकत राहिले. आधी पंखा. मग वेताची खुर्ची करकरली. ही खुर्ची ह्यांच्या उशाशी असते, मी तिच्यावर बसून त्यांना भरवते. कोणी बसलं तरच ती करकरते.

"रामकली?" मी विचारलं. रामकली कधीच गेलेली असणार, हे मला माहीत होतं. कोणी बोललं नाही.

रिक्षा करून घरी आले. बाहेरचं कुलूप मी लावते, रामकलीकडे दुसरी किल्ली. कुलूप होतं तसं होतं. हे पलंगावर टेकून शांत बसले होते. खुर्ची पलंगाला अगदी भिडवून ठेवलेली होती. रामकलीने ओढली असेल, म्हटलं. बाया ठेवतात कुठेही.

५

आयुष्यभर लाईनमधले दोष शोधले, तर हाही सापडेल असा माझा हिशेब. इंटरनेटवरचा आवाज तुकड्यातुकड्यांनी जातो. एखादा तुकडा मागे राहतो, एखादा दोनदा पोचतो. बोललेलं उशिरा ऐकू येतं. ह्यांची आधीची ओ मला नंतर ऐकू आली असेल.

बोळातल्या या एक्स्चेंजमध्ये एक परीक्षेचा नंबर असतो. तो लावला की पलीकडे कोणीच नसतं, आपण बोललेलं जसंच्या तसं आपल्यालाच परत ऐकू येतं. मी स्वयंपाकघरातल्या फोनवरून तो लावला. 'अहो' म्हटलं. कानात माझाच आवाज, अहो. स्वच्छ. पुन्हा म्हटलं. पुन्हा आला. चला, लाईन ठीक आहे म्हणून फोन ठेवायला गेले, तेवढ्यात कानात तिसऱ्यांदा माझा आवाज आला, 'अहो'.

मी तिसऱ्यांदा म्हटलं नव्हतं.

आणि बैठकीतून ह्यांनी ओ दिली. जाऊन पाहिलं, तर त्यांच्या फोनचा दिवा बंद होता. भिंतीपलीकडे त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी बोलले नव्हते. तुकडा दोनदा पोचला, मी स्वतःला सांगितलं, आणि ह्यांना ओ द्यायची ती दिली, योगायोग.

दुसऱ्या दिवशी रामकलीला विचारलं, की मी नसताना फोनवरून माझी हाक येते ती कशी येते.

"तुम तो दिन भर टेरत रहतीं भैया जी को," ती म्हणाली. टेरणं म्हणजे बुंदेलीत हाक मारणं.

"अरे, वो मशीन बोलती है. तीन बार."

"नईं भाभी जी, तीन बार वाली तो अलग है, बा फोन में से आउत." ती पोछा पिळत होती. "दूसरी वाली तो एकई बार टेरत, धीरे से. बा फोन में से नईं आउत."

"फोन में से नहीं आती? तो कहाँ से आती है?"

रामकलीने ओल्या हाताने बोळाकडे दाखवलं. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. तिला वाटत होतं की तिथेही मी बोलणारं काहीतरी बसवलं आहे.

६

मी सगळं बंद केलं. रेकॉर्ड केलेली हाक पुसली, डब्याची वीज काढली, ह्यांच्या उशाचा फोन तारांसकट कपाटावर टाकला. नको ती अक्कल आणि नको ते सॉफ्टवेअर. ऑफिसात रजा टाकली.

पंख्याची घरघर थांबल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. गल्लीतले आवाज आत यायला लागले. दुपारी मी पोळ्या लाटत होते. बोळातून आवाज आला, 'अहो'.

माझाच आवाज. थोडा दमलेला, लाडाचा. लाटणं धरून मी उभी राहिले. या गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं आहेत, कोणाचंही कोणाच्याही घरात ऐकू येतं. पण या अख्ख्या गल्लीत नवऱ्याला 'अहो' म्हणणारी मी एकटी आहे. बाकी सगळ्या 'सुनो' म्हणतात.

ह्यांनी ओ दिली.

मी धावत बैठकीत गेले. बोळात कोणी नव्हतं. हे बोळाच्या दाराकडे बघत होते. चेहऱ्याची जी बाजू हलते त्या बाजूला हसू होतं. मी संध्याकाळी ऑफिसातून आले की असं हसतात. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, 'अहो'. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. त्यांनी सभ्यपणे पाहिलं, दवाखान्यात नवीन नर्सकडे बघतात तसं, आणि डोळे पुन्हा बोळाकडे गेले.

मी पुष्कळ रडले. भीती होतीच, पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. एवढं एकच अक्षर उरलं होतं त्या माणसाकडे. ते माझं होतं, आणि आता तेही कोणीतरी नेत होतं. आणि हाक मारायची सवय मीच लावून दिली होती, माझ्याच आवाजात, मी जागेवर नसताना.

७

डोळे पुसले. मग एक गोष्ट सुचली, आणि सुचल्यावर लाजच वाटली.

मी दारं लावली. ह्यांच्या अगदी कानाशी गेले, इतकी की माझे ओठ त्यांच्या कानाला लागत होते. कुजबुजत सांगितलं, "ऐका. आजपासून 'अहो' म्हणेल ती मी नाही. तिला ओ द्यायची नाही. मी तुम्हाला नावाने हाक मारीन. मला जमेल तसं. ऐकताय ना?"

मग मी म्हटलं, "विद्याधर."

घशात अडकलं आधी. एवढ्या संसारात पहिल्यांदा. वन्सं त्यांना विद्या म्हणतात, त्यांच्या ऑफिसातले सगळे जोशीजी म्हणायचे. हे अख्खं नाव या घरात कोणीच घेत नव्हतं.

ह्यांचे डोळे बोळावरून सुटले. हळूहळू माझ्यावर आले. मी पुन्हा कानात म्हटलं, "विद्याधर." आणि तिसऱ्यांदा म्हटलं. ते हसले, अर्ध्या तोंडाने, पण पोटातून हसले. डाव्या हाताने माझा कान पकडून ओढला, नाव घेतेस होय, अशा अर्थाने. आणि ओ दिली. माझ्यासाठी दिली.

त्यानंतरचे काही दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. बोळातून 'अहो' येत होतं. सकाळी यायचं, भर दुपारी यायचं. हे कान टवकारायचे, मग माझ्याकडे बघून मान हलवायचे. ओ द्यायचे नाहीत. मी कानाशी जाऊन नाव घ्यायचे, कुजबुजत, तीनदा, आणि माझी ओ मला मिळायची. कधीही मोठ्याने नाव घेतलं नाही. वन्संसमोरही नाही.

मग बोळ गप्प झाला. मला वाटलं, कंटाळून गेलं असेल जे काय होतं ते.

८

दुपारची वेळ. वन्सं चहाला यायच्या होत्या, म्हणून पोहे भिजवले होते. कढईत मोहरी तडतडली, मी मिरच्या टाकल्या. आणि बोळातून आवाज आला.

"विद्याधर."

कुजबुज होती. मी कानाशी करते तशीच, घशात किंचित अडकलेली. पण घरभर ऐकू आली.

माझ्या हातातलं उलथनं गळून पडलं. ते नाव मी फक्त त्यांच्या कानात घेतलं होतं. फोन कपाटावर होता, डब्याला वीज नव्हती.

"विद्याधर."

दोन झाल्या. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. काय ओरडणार होते? नाव घेतलं असतं तर ती तिसरी हाक ठरली असती. नाव न घेता नुसती ओरडले असते, तरी आवाज तोच. ते माझ्या आवाजाला ओ देणार, आणि ती ओ कोणाला पोचेल हे आता मला सांगता येत नव्हतं. 'अहो' गेलंच होतं. हे नाव गेलं, तर त्यांना ओळखू येईल अशी दुसरी हाक माझ्याकडे उरली नव्हती.

मी न बोलता धावले. बोळ रिकामा होता. बैठकीत शिरले, पलंगावर चढले आणि त्यांच्या तोंडावर हात दाबला.

ते दचकले. डावा हात माझ्या मनगटावर आला, ढकलायला लागला. माझ्याकडे बघत होते ते डोळे भीतीने पांढरे झाले होते. ते मला घाबरत होते. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, मी आत्ताच जिथून आले त्या बोळाच्या दारात, आणि भीती निघून गेली. मनगटावरची पकड सुटली. आपलं माणूस घरात आलं की चेहरा जसा होतो, तसा झाला.

मी मागे वळून बघितलं नाही. माझ्याच्याने झालं नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्या निळ्या साडीचा काठ दाराशी दिसला. मी त्या दिवशी तीच नेसले होते.

"विद्याधर," तिसरी हाक आली, अगदी मागून.

माझ्या तळहाताखाली त्यांचे ओठ गोल झाले. छाती वर आली. मी कितीही दाबलं तरी तो श्वास बाहेर येणार होता, आणि दुसरं काही सुचायला वेळच नव्हता. त्यांच्या आधी मीच म्हटलं,

"ओ."

सगळं थांबलं. त्यांचा श्वास हळूच खाली गेला. मागे कोणी नव्हतं, किंवा होतं तर हललं नाही. मग स्वयंपाकघरात उलथनं उचलल्याचा आवाज आला. कोणीतरी कढईत पोहे टाकले, परतले, वर झाकण ठेवलं. गॅस बारीक केल्याचा टक् आवाज आला.

बाहेरून वन्संनी कडी वाजवली. "कल्याणी."

मी तोंड उघडलं.

"आले, वन्सं," स्वयंपाकघरातून माझा आवाज म्हणाला. "दार लोटलेलंच आहे. या ना, पोहे झालेच."

वन्सं आत आल्या. चपला काढल्या, भिंतीला हात लावत गुडघे सांभाळत बैठकीच्या दाराशी आल्या आणि आमच्याकडे बघितलं. ह्यांच्या तोंडावर अजून माझा हात होता.

"एकटाच बसलायस होय रे विद्या?" वन्सं म्हणाल्या. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, "तू पण ये गं इकडे. बस जरा त्याच्यापाशी, दिवसभर राबत असतेस."

मी वन्संना हाक मारली. मग पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा मारली, माझ्यात होता नव्हता तेवढा जोर लावून. तिसऱ्या हाकेला वन्सं ओ देतातच, आजवर कधी चुकल्या नाहीत.

वन्संनी पदराने मानेवरचा घाम पुसला आणि आतून येणाऱ्या पावलांसाठी वेताची खुर्ची पलंगाजवळ ओढून ठेवली.